जमीन आधी, रणगाडा नंतर

28 जून 2024 च्या रात्री पूर्व लडाखमध्ये सासेर ब्रांगसाजवळ श्योक नदी ओलांडताना आपल्या लष्कराचा एक रणगाडा अडकला. सराव आटोपून तुकडी माघारी निघाली होती. नदीचं पाणी एकाएकी चढलं, बचाव पथकं धावली, पण प्रवाहाच्या जोरापुढे कोणाचं काही चाललं नाही. पाच जवान गेले. समोर शत्रू नव्हता. बातमी दोन दिवस चालली आणि विरून गेली.

मला ती विसरता येत नाही, कारण चिलखती दलाच्या आधुनिकीकरणाबद्दल आपल्याकडे जे काही बोललं-लिहिलं जातं, त्यात ही नदी कुठेच नसते. तोफ किती मिलिमीटरची, क्षेपणास्त्राचा पल्ला किती, चीनकडे किती रणगाडे आणि पाकिस्तानकडे किती, यावर तासन्तास चर्चा झडतात. रणगाडा ज्या मातीवरून जाणार ती माती, ज्या पुलावर चढणार तो पूल, त्याचं इंजिन जी हवा ओढणार ती हवा, आणि तो रुतलाच तर त्याला ओढून काढणारं वाहन, यांचा विषय शेवटी निघतो. पुष्कळदा निघतच नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आपल्या सीमेवर थरची वाळू आहे, पंजाबात कालवे आणि उसाची रानं आहेत, जम्मू-पठाणकोटच्या पट्ट्यात नद्या-नाले आहेत, लडाख आणि उत्तर सिक्कीममध्ये चार-साडेचार हजार मीटरवरची पठारं आहेत आणि कच्छच्या रणात खारट चिखल आहे. एवढी तऱ्हेतऱ्हेची जमीन राखायची असेल, तर वाहन निवडण्याची सुरुवात जमिनीपासूनच केली पाहिजे.

आपल्या लष्कराला ही गोष्ट नवी नाही. 1948 साली झोजिला खिंड घुसखोरांच्या हातात होती आणि लेहची वाट बंद पडली होती. पायदळाचे हल्ले परतवले जात होते. जनरल थिमय्या यांनी तिथे रणगाडे चढवायचं ठरवलं. 7 लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, सुमारे 15 टनांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात जर्मन रणगाड्यांसमोर ज्यांचा निभाव लागत नव्हता, तेच. त्यांचे टरेट, म्हणजे तोफेचे फिरते बुरूज, उतरवून वेगळे नेले, रणगाडे झाकून घेतले, वाटेतले पूल मजबूत केले आणि श्रीनगरमार्गे सगळा लवाजमा गुपचूप बालतालला आणला. बालतालपासून वर खिंडीपर्यंत खेचरांची पायवाट होती. मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पथकानं ती फोडून, रुंद करून रणगाड्याजोगी केली. 1 नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या नेतृत्वाखाली रणगाडे सुमारे 3,500 मीटर उंचीवरच्या खिंडीत शिरले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल अशी शत्रूला कल्पनाही नव्हती. आपण रणगाडे चढल्याची गोष्ट अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवी. पण ज्यांनी वाट केली आणि पूल बळकट केले, ते त्या गोष्टीत अर्ध्या वाक्यापुरते येतात. लढाई निम्मी तिथेच जिंकली गेली होती.

उलट बाजूचं उदाहरण 1965 च्या सप्टेंबरातलं, खेमकरणजवळच्या असल उत्तरचं. पाकिस्तानकडे अमेरिकी पॅटन होते, त्या काळातले नावाजलेले रणगाडे. आपल्याकडे सेंच्युरियन होते, पण त्यांच्या जोडीला जुने शर्मनही होते. आपल्या सैन्यानं रानांत पाणी सोडलं, उभ्या उसात रणगाडे दडवले आणि वाट पाहिली. काळ्या रानात पाऊस झाल्यावर ट्रॅक्टर घालू नये, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पॅटनचे चालक त्या भिजल्या मातीत शिरले आणि रुतून बसले. पाकिस्ताननं तिथे सुमारे शंभर रणगाडे गमावले. पॅटन वाईट रणगाडा नव्हता. त्या मातीत त्या दिवशी तो चालणारा नव्हता, एवढंच. त्याच युद्धात फिल्लोराच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नेतृत्व करणारे आणि पुढे धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर महाराष्ट्राला ठाऊक आहेत. असल उत्तरच्या भिजल्या रानाची मात्र आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही.

1971 ला पूर्व आघाडीवर आपण पीटी-76 नेले. 14 टनांचा, पाण्यावर तरंगणारा रणगाडा. पूर्व बंगालच्या नद्या डोळ्यांसमोर ठेवूनच ती निवड झाली होती आणि ती योग्य होती. तरीही मेघनेचं पात्र इतकं रुंद, की पोहता पोहता इंजिनं तापली आणि काही रणगाडे बोटींना बांधून पैलतीरी न्यावे लागले. योग्य वाहन निवडूनही प्रत्यक्ष नदी वेगळंच काही मागते. म्हणून नदीपाशी जाऊन आधी पाहावं लागतं.

आता लडाख. चुशुल आणि डेपसांगच्या बाजूला जानेवारीत पारा उणे तीसच्याही खाली उतरतो. तिथे रणगाडा नुसता उभा करून ठेवता येत नाही. रात्रीत ठरावीक वेळानं इंजिन सुरू करून गरम ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी ते ढिम्म हलत नाही. वंगणाचं तेल घट्ट होतं, बॅटरीचा जोर ओसरतो, रबरी सील कडक होऊन गळू लागतात. हातमोजे काढून पोलादाला हात लावला तर कातडी चिकटते, आणि हातमोजे घालून बारीक नटबोल्ट फिरवता येत नाहीत. साधं डिझेल तिथे थिजतं. उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलनं लडाखसाठी आणलं ते 2019 च्या नोव्हेंबरात. लडाखमध्ये रणगाडे कित्येक वर्षं आधीपासून उभे होते.

हवेचं गणित तर त्याहून निष्ठुर आहे. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 63 टक्के उरते. माणसाला धाप लागते तशीच इंजिनालाही लागते. आपल्याकडच्या रशियन बनावटीच्या टी-72 रणगाड्याचं वजन साडेएकेचाळीस टन आणि मूळ इंजिन 780 अश्वशक्तीचं, म्हणजे टनाला जेमतेम 19 अश्वशक्ती, तीही सपाटीवर. टी-90 ला टनाला साडेएकवीस पडते. वर गेल्यावर यातलाही वाटा कापला जातो. चीननं तिबेटसाठी जो टाइप-15 बनवला, तो तेहेतीस टनांच्या आसपास आणि इंजिन 1,000 अश्वशक्तीचं. टनाला 30. त्यांनी आधी पठार पाहिलं, मग रणगाडा आखला. इतकंच काय, विरळ हवेत तोफगोळ्यालाही अडथळा कमी होतो आणि तो सपाटीपेक्षा लांब जातो. म्हणून नेमबाजीची कोष्टकंसुद्धा तिथली वेगळी लागतात.

गलवाननंतर, 29-30 ऑगस्ट 2020 च्या रात्री आपल्या जवानांनी कैलास रांगेतली शिखरं ताब्यात घेतली आणि रेचिन ला या खिंडीच्या परिसरात रणगाडे वर चढवले. मैदानी लढाईसाठी बनवलेली यंत्रं त्या उतारांवर नेणारे चालक आणि ती चालू ठेवणारे ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे, कारागीर यांचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे. मात्र माणसांच्या कसबावर यंत्राची उणीव भरून काढणं हे धोरण होऊ शकत नाही. त्या काळात हवाई दलानं सुमारे 90 रणगाडे आणि 330 च्या आसपास बीएमपी ही पायदळाला नेणारी चिलखती वाहनं विमानांनी लडाखला पोचवली. सी-17 सारख्या अवजड विमानात 25 टनांचे दोन रणगाडे मावतात, टी-72 किंवा टी-90 एकच. संकटाच्या पहिल्या आठवड्यात हा फरक निर्णायक ठरू शकतो.

आणि हे आपल्याला 1962 पासून माहीत होतं! त्या ऑक्टोबरात एएन-12 विमानांतून एएमएक्स-13 हे हलके रणगाडे चुशुलला उतरवले होते. पुढे एएमएक्स-13 गेले, पीटी-76 गेले आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. बरीच वर्षं भारताकडे हलका रणगाडाच नव्हता. सगळी आखणी पंजाब-राजस्थानच्या मैदानी लढाईभोवती फिरत राहिली आणि डोंगरात गरज पडली तर मैदानातलेच रणगाडे वर न्यायचे, असं गृहीत धरलं गेलं. मी याला त्या काळची सर्वांत महाग पडलेली चूक म्हणेन.

ती आता दुरुस्त होते आहे, याचं समाधान आहे. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी मिळून घडवलेला 25 टनांचा झोरावर हा हलका रणगाडा जुलै 2024 मध्ये हजिऱ्याला दाखवला गेला. त्याच वर्षी वाळवंटात आणि नंतर डिसेंबरात 4,200 मीटरहून अधिक उंचीवर त्याच्या चाचण्या झाल्या. 105 मिलिमीटरची तोफ, 760 अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे टनाला 30. लष्कराची गरज 354 रणगाड्यांची आहे. माझी धास्ती एकाच गोष्टीची आहे: त्याच्यावर आता एकेक वस्तू चढत जाऊ नये. चिलखताचा आणखी एक थर, आणखी एक यंत्रणा, आणखी एक पेटी. प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्त असते आणि एकत्र केल्या की हलका रणगाडा हलका राहत नाही.

अर्जुन या आपल्या स्वदेशी रणगाड्याचं तेच झालं. 1974 ला मंजूर झालेल्या त्या प्रकल्पात सुरुवातीची कल्पना पुष्कळ हलक्या रणगाड्याची होती. पहिली आवृत्ती साडेअठ्ठावन्न टनांवर गेली, एमके-1ए तर 68 टनांच्या पुढे. अर्जुनवर सरसकट टीका करणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याचे पट्टे रुंद आहेत, त्यामुळे वाळूवर त्याचा दाब रशियन रणगाड्यांपेक्षा जास्त पडत नाही आणि राजस्थानात तो उत्तम चालतो. पण वाळूला दाब कळतो, पुलाला एकूण वजन कळतं. पंजाब-जम्मूच्या पट्ट्यात दर काही किलोमीटरवर कालवा किंवा नाला आडवा येतो, तिथे 68 टनांचं धूड कुठल्या पुलावरून न्यायचं हा प्रश्न चिलखत कितीही सुधारलं तरी सुटत नाही. अर्जुन वाळवंटाचा रणगाडा आहे. त्याला तिथे मानानं ठेवावं, देशभराचा एकमेव उपाय म्हणून त्याच्याकडे पाहू नये आणि तसा नाही म्हणून त्याला नापासही करू नये.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जितकी वाहनं वेगवेगळी, तितके सुटे भाग वेगळे, दारूगोळा वेगळा, प्रशिक्षण वेगळं. टी-72 आणि टी-90 ला 125 मिलिमीटरचा गोळा लागतो, अर्जुनला 120, झोरावरला 105. युद्धात भलताच गोळा भलत्या तुकडीकडे पोचला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून प्रत्येक प्रदेशाला नवा रणगाडा द्या, असं मी म्हणत नाही. वजनाचे दोन किंवा तीन वर्ग ठरवावेत, आणि त्या वर्गांत रेडिओ, थर्मल दुर्बिणी, नेमबाजीचे संगणक, बॅटऱ्या, शक्य तिथे इंजिनाचे भाग सारखे ठेवावेत. प्रदेशाप्रमाणे बदलावेत ते संच: वाळवंटासाठी धूळ गाळणारे मोठे फिल्टर आणि शीतकरण, डोंगरासाठी उष्णता देणारी यंत्रणा, वेगळी वंगणं, माणसांसाठी ऑक्सिजन. हे होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. के-9 वज्र ही स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी तोफ मुळात वाळवंटासाठी घेतली होती. 2021 मध्ये ती लडाखला नेली, थंडीसाठी आवश्यक ते बदल केले आणि ती तिथे इतकी उपयोगी पडली, की डिसेंबर 2024 मध्ये 7,628 कोटी रुपयांचा नवा करार झाला. तोफ मागे राहून मारा करते, रणगाड्याला पुढे घुसावं लागतं, हा फरक मी जाणतो. तरीही संचांची ही वाट चोखाळण्याजोगी आहे.

उलट, टी-90 आले तेव्हा वाळवंटाच्या उन्हात त्यांच्या थर्मल दुर्बिणी तापून बंद पडत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. आत वातानुकूलन नाही, बाहेर मे महिन्याचं ऊन, पोलादी पेटीत पन्नास अंशांच्या वर तापमान. रशियाच्या हवामानासाठी घडवलेली वस्तू बिकानेरला आणून लावली की हेच होणार. खरेदीच्या आधी दोन उन्हाळे त्या यंत्रानं थरमध्ये काढले असते, तर हे करारातच दुरुस्त झालं असतं.

इंजिनाकडे परत येतो, कारण माझ्या मते खरं परावलंबन तिथे आहे. 118 अर्जुन एमके-1ए ची ऑर्डर सप्टेंबर 2021 मध्ये 7,523 कोटींना दिली गेली आणि जर्मन इंजिनांच्या पुरवठ्यात अडकली. झोरावरलाही आधी जर्मन इंजिन बसायचं होतं, ते वेळेत मिळेना म्हणून अमेरिकी कमिन्स घेतलं. मार्च 2025 मध्ये टी-72 साठी 1,000 अश्वशक्तीच्या इंजिनांचा 24 कोटी 80 लाख डॉलर्सचा करार रशियाशी झाला, तंत्रज्ञान चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या रणगाडा कारखान्याकडे हस्तांतरित करण्याच्या अटीसह. हा करार मला पटतो. जे हजारो रणगाडे हाताशी आहेत त्यांना टनाला 24 अश्वशक्ती मिळाली, तर लडाखमध्ये तोच रणगाडा वेगळा वागेल. पण जर्मनी, अमेरिका, रशिया अशा तीन दारांवर उभं राहून आपण किती वर्षं काढणार? मार्च 2024 मध्ये बीईएमएल या सरकारी कंपनीच्या मैसुरूच्या कारखान्यात स्वदेशी 1,500 अश्वशक्तीचं इंजिन पहिल्यांदा चालवून पाहिलं गेलं. त्या बातमीला रणगाड्याच्या संचलनाएवढी जागा मिळायला हवी होती. चाचणीच्या टेबलावर चाललेलं इंजिन वाळूत आणि बर्फात हजारो किलोमीटर चालेपर्यंत पुष्कळ पैसा आणि धीर लागतो, आणि नेमका त्याच टप्प्यावर आपला हात आखडतो.

महाराष्ट्राचा या कामाशी जवळचा संबंध आहे. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र, दोन्ही अहिल्यानगरला. तिथल्या व्हीआरडीई या संशोधन संस्थेनं टाटांबरोबर आठ चाकांचं, पाण्यात तरंगणारं व्हॅप हे वाहन घडवलं. एप्रिल 2022 मध्ये पुण्यात खडकीला त्याची पायदळासाठीची आवृत्ती लष्कराच्या हाती दिली गेली, त्याच वेळी भारत फोर्जची चिलखती वाहनंही. चाकांची गाडी वाळूच्या टेकड्यांत कमी पडते, पण लडाखच्या रस्त्यांवर आणि कडक पठारावर ती पट्ट्यांच्या वाहनापेक्षा वेगानं जाते, कमी इंधन पिते आणि रस्ताही उखडत नाही. मोरोक्कोनं ती घेतली. आपल्याकडे मात्र ती मोजकीच आहे आणि बीएमपीच्या जागी येणाऱ्या वाहनाचा प्रकल्प गेलं दीड दशक कागदांवर फिरतो आहे. इथेही जमिनीची अट आहेच: बीएमपी-2 14 टनांचं आहे म्हणून तरंगतं. माइनपासून बचाव व्हावा म्हणून त्याच्यावर चिलखत वाढवलं, तर ते पाण्यात उतरवता येणार नाही. पंजाबच्या कालव्यासाठी तरंगणारं हवं आणि लडाखच्या पठारासाठी जाड चिलखताचं, तर तेही दोन संचांत विभागावं लागेल.

आणि पुण्याजवळ दिघीला लष्करी पूल बनवणारी संशोधन संस्था आहे. ट्रकवरून नेऊन थोड्या वेळात नाल्यावर टाकता येणारा 'सर्वत्र' नावाचा पूल तिथलाच. रणगाड्याचं छायाचित्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं, पुलाचं येत नाही. पण रणगाड्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीमागे पूल टाकणारे रणगाडे किती, रुतलेलं वाहन ओढणारी रिकव्हरी वाहनं किती, आणि ती ओढणारी वाहनं नव्या वजनाला पुरेशी आहेत का, हे संसदेत विचारलं गेलं पाहिजे. चाळीस टनांच्या काळातलं रिकव्हरी वाहन 68 टनांना हलवू शकत नाही.

ड्रोनच्या युगात रणगाडा संपला, असं म्हणणारे आता बरेच आहेत. युक्रेनमधली दृश्यं पाहून तसं वाटणं स्वाभाविक आहे. स्वस्त ड्रोन वरून येतो आणि टरेटच्या पातळ छतावर आदळतो. पण त्याच युद्धात दोन्ही बाजू रणगाडे मागत राहिल्या, कारण खंदकातल्या माणसाला पुढे न्यायला आणि घेतलेली जमीन धरायला दुसरं साधन सापडलेलं नाही. ड्रोनमुळे रणगाड्यावर जाळी, जॅमर, वरचं संरक्षण येणार हे नक्की, म्हणजे पुन्हा वजन आणि विजेची गरज वाढणार. जिथे हवा विरळ आणि पूल कमकुवत, तिथे हे ओझं किती चालेल हा हिशोब आपल्यालाच करावा लागेल. युक्रेनच्या सपाट मैदानात काढलेलं उत्तर चुशुलला लागू पडेलच असं नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं टी-72 च्या जागी येणाऱ्या भावी रणगाड्याच्या प्रकल्पाला पहिली मंजुरी दिली. सुमारे 1,770 वाहनांची बातमी आहे, म्हणजे पुढची चाळीस वर्षं याच निर्णयावर काढायची आहेत. त्याचे निकष अजून कागदावर आहेत तोवरच काही गोष्टी ठरायला हव्यात. वजनाची वरची मर्यादा पंजाब-जम्मूचे पूल आणि आपल्या विमानांची पोटं मोजून ठरावी आणि ती नंतर कोणत्याही कारणानं ओलांडू नये. चाचण्या उत्पादकाच्या सोयीच्या महिन्यात न घेता मे महिन्यात थरमध्ये, ऑगस्टमध्ये पठाणकोटच्या चिखलात आणि जानेवारीत लडाखमध्ये व्हाव्यात, आणि दोन वर्षं व्हाव्यात. चाचणी घेणाऱ्यांत साहेबांबरोबर चालक आणि ईएमईचा हवालदारही असावा, कारण रात्री दोन वाजता ते इंजिन सुरू करण्याचं काम त्याचं आहे. आणि पहिली तुकडी लष्कराकडे येईल, तेव्हा तिच्यासोबत त्याच वजनाचा भार पेलणारे पूल आणि तेवढ्या ताकदीची रिकव्हरी वाहनंही यावीत. त्यांचे पैसे त्याच करारात धरावेत, पुढच्या वर्षावर ढकलू नयेत.